‘परत वाचा’ मॅडम

मॅडम चहासुद्धा वाचून घेत. शिपाई चहा सांगायला निघाला की त्याला दारातून परत बोलवायच्या आणि म्हणायच्या, “काय सांगितलं मी? परत वाचा.” हातात कागद नसायचा, तो बिचारा वाचणार काय? पण त्यांच्या लेखी तोंडी सांगितलेलंही वाचायचंच असे. “दोन बिनसाखरेचे, एक साधा, आणि जोगळेकरांना कॉफी,” एवढं त्यानं म्हटलं की त्या मान हलवत आणि तो सुटे. सगळं कार्यालय त्यांना ‘परत वाचा मॅडम’ म्हणत असे आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा मी फोनवर कुणाला तरी “परत वाचा मॅडम आज रजेवर आहेत” असं सांगत होतो, तर त्या माझ्या मागेच उभ्या. “रजेवर नाहीये, उशिरा आलेय,” त्या म्हणाल्या. “निरोप दुरुस्त करा.”

जोगळेकर म्हणजे मी, त्यांचा लघुटंकलेखक. कोथरूडचा रहिवासी, वेळेवर येणारा, वेळेवर जाणारा, आणि या दोन गोष्टींचा जरा जास्तच अभिमान असलेला. मॅडमबद्दल लिहायचं म्हणजे मला स्वतःबद्दलही लिहावं लागणार, म्हणून हे लिखाण मी आजवर टाळत आलो. त्यांच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. वाईट मी काय केलं, हे सांगू शकणारा मी एकटाच आहे.

नगरपालिका किंवा नगरपरिषदेनं कायदा धाब्यावर बसवला, तर राज्य सरकारनं तिची चौकशी करावी, पदाधिकाऱ्यांना घरी पाठवावं, वेळ पडली तर गुन्हा दाखल करून कोर्टात खेचावं, असा अधिकार कायद्यानं सरकारला दिलेला आहे. ऐकायला तो फार मोठा वाटतो. आमच्या पुण्यातल्या कार्यालयात त्या अधिकाराचा सगळा पसारा म्हणजे दोन कपाटं, एक कुरकुरणारा प्रिंटर, मी आणि मॅडम. चौकशीचा आदेश आला की आम्ही दोघं लॅपटॉप आणि तो प्रिंटर घेऊन सरकारी जीपमधून त्या गावी जायचो. मॅडम लोकांचे जबाब घ्यायच्या, मी टाइप करायचो. पुढे त्याच कागदांवर सरकार काय ते ठरवायचं. मॅडम म्हणत, “नगरपरिषदेच्या वर सरकार आहे, जोगळेकर, पण सरकार उभं आहे ते या जबाबावर. हा सरकला की सगळं खाली येतं.”

जबाबाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. ‘वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ त्याखाली साक्षीदाराची सही आणि त्याखाली ‘माझ्यासमोर’ म्हणून अधिकाऱ्याची. बहुतेक कार्यालयांत हे वाक्य कॉम्प्युटरवरच्या तयार नमुन्यात आधीच टाकलेलं असतं. मॅडमनी आल्या आल्या आमच्या नमुन्यातून ते काढून टाकायला लावलं. “आधी वाचायचं, मग हे वाक्य टाइप करायचं. न केलेल्या कामाची पावती आधीच फाडून ठेवायची नाही.” मी वाक्य काढलं. आणि माझ्या सोयीसाठी, ते वाक्य असलेला जुना नमुना दुसऱ्या नावानं जपून ठेवला.

जबाब घेताना साक्षीदार बसल्याशिवाय त्या बसत नसत. वस्तीतली, वाडीतली माणसं सरकारी माणसापुढे खुर्चीवर बसायला अवघडतात. मग मॅडमही उभ्या, साक्षीदारही उभा, आणि मी एकटा टेबलाशी बसून दोघांच्या तोंडाकडे बघतोय, असा देखावा व्हायचा. शेवटी समोरचा माणूस संकोचानं टेकायचा. जबाब झाला की मॅडम तो सावकाश, एकेक ओळ वाचून दाखवत. एकदा एका निवृत्त वायरमनला त्याचा जबाब वाचून दाखवला, तेव्हा तो म्हणाला, “असं न्हाई म्हनलो मी. दिवे बंद व्हते म्हनलो, पर खांबच नव्हते हे ऱ्हायलंच की.” त्या एका वाक्यावर ती सगळी चौकशी उभी राहिली. येताना जीपमध्ये मॅडम खुशीत होत्या. “बघितलंत?” त्या म्हणाल्या. “माणसाला त्याचंच बोलणं परत ऐकवलं की त्याला राहिलेलं आठवतं.”

ज्यांची चौकशी त्यांचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. त्यांची स्टीलची बाटली आणि पोळीभाजीचा डबा बरोबर असे आणि त्यामुळे मलाही डबा आणावा लागे. एका गावच्या मुख्याधिकाऱ्यांनी फार आग्रह केला, काजू मांडले, वर म्हणाले, “मॅडम, आमचं गाव स्वच्छतेत पहिलं आलंय.” मॅडम म्हणाल्या, “हो, येताना फलक वाचला. गटार ओलांडून यावं लागलं, म्हणून जवळून वाचता आला.” दुसऱ्या एका नगराध्यक्षांनी, आपण वरपर्यंत बोलून ठेवलंय, असं सुचवलं. “बरं झालं,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे मी इथे आहे हे वर कळलं असेल. मला कळवायला नको.” चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. वडील खडकीला कारखान्यात कामगार होते, घरातली शिकून साहेब झालेली ही पहिली मुलगी. अधिकाराचं त्यांना अप्रूप नव्हतं, पण तो वापरताना हात स्वच्छ हवेत असं त्या मानत आणि तसं वागत.

मग ती चौकशी आली. पुण्याला चिकटत चाललेल्या एका छोट्या नगरपरिषदेची. तिथल्या ओढ्याकाठच्या वस्तीत काविळीची साथ आली होती आणि काही माणसं दगावली होती. पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळत होतं, हे नंतर तपासणीत निघालंच. प्रश्न एवढाच होता की नगरपरिषदेला ते आधी माहीत होतं का. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे कुणाचीही तक्रार आली नाही. आवक नोंदवही मागितली तर त्या महिन्यांची भिजून खराब झाली म्हणाले. माहीत असून त्यांनी काही केलं नाही हे सिद्ध झालं, तर सरकार पदाधिकाऱ्यांना काढणार होतं आणि गुन्हाही दाखल करणार होतं. आणि ते सिद्ध करू शकणारं एकच माणूस होतं, चंद्राबाई. त्यांची सून त्या काविळीत गेली होती.

चंद्राबाईंचा जबाब शाळेच्या एका खोलीत चालला होता. अर्धा झाला आणि पाण्याच्या टाकीची किल्ली घेऊन नगरपरिषदेचा माणूस आला. आज टाकी पाहिली नाही तर उद्या किल्ली सापडणार नाही, हे मॅडमना पक्कं माहीत होतं. त्या उठल्या. “मी टाकी बघून येते. यांचं सगळं ऐकून घ्या, नीट वाचून दाखवा आणि मगच सही घ्या.”

आता खरं कारण सांगतो. त्या दिवशी आमची नवी गाडी येणार होती. आयुष्यातली पहिली चारचाकी. साडेपाचचा मुहूर्त काढलेला, बायको आणि सासरेबुवा शोरूमला जाऊन बसलेले आणि दर दहा मिनिटांनी फोन. समोर चंद्राबाई बोलत होत्या आणि त्यांचं बोलणं काही संपत नव्हतं. आपण नगरपरिषदेत तीनदा कशा गेलो, दुसऱ्या वेळी बाटलीत नळाचं पाणी भरून कसं नेलं, ती बाटली पाणीखात्याच्या साहेबाच्या टेबलावर कशी ठेवली, तेव्हा तिथे कोण कोण बसलं होतं, साहेबानं नाक धरून बाटली बाजूला कशी सारली. सगळं सगळं त्यांनी सांगितलं. मी घड्याळाकडे बघत टाइप केलं, ‘नगरपरिषद कार्यालयात वारंवार तोंडी तक्रार केली, परंतु दखल घेण्यात आली नाही.’ त्यांचे तीन हेलपाटे, ती बाटली, तो साहेब, सगळं मी सरकारी मराठीच्या एका ओळीत गुंडाळलं. मग तो जपून ठेवलेला जुना नमुना उघडला, मजकूर त्यात टाकला आणि छापला. शेवटचं वाक्य तयारच होतं. वाचून दाखवला नाही. प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या सहीची अक्षरं चंद्राबाई एकेक करून काढत होत्या, तेव्हा मनातल्या मनात मी चरफडत होतो.

मॅडम परत आल्या तेव्हा मी वायरी गुंडाळत होतो. चंद्राबाई गेल्या होत्या. मॅडमनी विचारलं, “वाचलंत?” मी म्हणालो, “हो मॅडम.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि ‘माझ्यासमोर’ याच्या वर सही केली. मी मुहूर्त गाठला. नारळ फोडला, गाडीला हार घातला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मॅडमना पेढा दिला आणि त्यांनी तो कौतुकानं खाल्ला.

अहवाल गेला, सरकारनं नगरपरिषदेच्या पदाधिकाऱ्यांना नोटिसा काढल्या आणि सुनावणी लागली. समोरचा वकील आवाज न चढवता बोलणारा होता. त्यानं चंद्राबाईंना अदबीनं विचारलं, “आजी, तुम्ही तक्रार केली होती?” चंद्राबाईंनी बाटलीची गोष्ट सांगितली, सगळी, त्या दिवशी मला सांगितली होती तशीच. वकील म्हणाला, “या जबाबात बाटली कुठेच नाही. साहेबही नाही. हे नंतर सुचलं का?” चंद्राबाई गोंधळल्या. “सांगितलं व्हतं की मी.” “हा कागद तुम्हाला वाचून दाखवला होता का?” चंद्राबाईंनी एकदा मॅडमकडे पाहिलं. खोटं बोलल्या असत्या तर प्रकरण कदाचित वाचलं असतं. त्या म्हणाल्या, “न्हाई. निस्ती सही घेतली.”

मी शेवटच्या रांगेत होतो. मॅडम पुढे बसल्या होत्या आणि त्यांनी मान मागे वळवली नाही. त्यांनी माझ्याकडे बघावं असं मला वाटत होतं आणि बघू नये असंही.

आठवड्याभरात मॅडमकडे खुलासा मागणारं पत्र आलं. वाचून न दाखवलेल्या जबाबावर, तो आपल्यासमोर वाचून दाखवल्याची सही त्यांनी कशी केली? मॅडमनी मला आत बोलावलं. मी वही घेऊन बसलो आणि त्या सांगू लागल्या. ‘सदर जबाब साक्षीदारास वाचून दाखवण्याची जबाबदारी माझी होती. ती माझ्याकडून पार पडली नाही. यात कार्यालयातील अन्य कोणाचाही दोष नाही.’ मी लिहून घेतलं, टाइप केलं, छापून आणलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “परत वाचा.” मी वाचलं. माझी चूक त्यांच्या नावावर चढलेली, माझ्याच आवाजात. शेवटच्या ओळीपर्यंत मी ते वाचून पूर्ण केलं. मी थांबलो असतो तर? ‘मॅडम, हे खरं नाही,’ एवढे चारच शब्द होते. मॅडमही थांबल्या होत्या. आता मला वाटतं, त्या मला वेळ देत होत्या. मी म्हणालो, “ठीक आहे ना मॅडम?” त्यांनी सही केली.

प्रकरण बासनात गेलं. सरकारनं कारवाई मागे घेतली आणि नगरपरिषदेत फटाके वाजले. मॅडमना लेखी ताकीद मिळाली, त्या वर्षीची बढती हुकली आणि त्यांची बदली एका प्रशिक्षण संस्थेत झाली. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही. मी त्यांची पिशवी जीपपर्यंत नेली. त्यांना कसलंतरी काम करून द्यावं असं मला फार वाटत होतं आणि तेवढंच हाती होतं.

निवृत्तीनंतर त्या शनिवार पेठेतल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायच्या. त्या आजारी आहेत, दुखणं बरं होणारं नाही, असं कळलं तेव्हा मी गेलो. लेक चहा करायला आत गेली तशी मी सगळं सांगून टाकलं. गाडी, मुहूर्त, जुना नमुना. मॅडम उशीला टेकून ऐकत होत्या.

“मला शंका आली होती,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं मी. शिपायाला चहा परत वाचायला लावणारी बाई मी, आणि तुम्हाला एकदाच विचारलं. टाकी बघून दमले होते. म्हणजे खुलाशात खोटं काही नव्हतं.”

“पण चूक माझी होती, मॅडम.”

“होती ना. पण मला सांगून काय उपयोग, जोगळेकर? तो जबाब माझा नव्हता. ज्यांचा होता त्यांना जाऊन सांगा.” मग म्हणाल्या, “आणि लवकर जा.”

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. एक रविवार पाहुण्यांत गेला, एक पावसात. ती वस्ती आपल्याला काय म्हणेल याची मला भीती वाटत होती, हे खरं. पाच आठवड्यांनी मॅडम गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर एकेक जण त्यांच्याबद्दल बोलला. आमचे एक जुने साहेब म्हणाले, “एवढ्या काटेकोर बाई, पण शेवटी त्यांच्याही हातून एक चूक झालीच. माणूस आहे.” माझा नंबर त्यांच्यानंतर होता. मी उठलो, त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो, चहाचा किस्सा सांगितला, लोक डोळे पुसता पुसता हसले, आणि मी खाली बसलो. त्यांची लेक मला म्हणाली, “काका, छान बोललात.” त्या दिवसाइतका मी स्वतःच्या मनातून कधी उतरलो नव्हतो.

त्यालाही महिने लोटले, आणि मग मी त्या वस्तीत गेलो. नवे नळ आले होते. चंद्राबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मला वाटलं होतं, साक्ष बिघडवली म्हणून वस्तीनं त्यांना वाळीत टाकलं असेल. पण येणारी-जाणारी माणसं त्यांच्याशी हसूनखेळून बोलत होती. त्यांनी मला ओळखलं.

“टायपिंगवाले साहेब न्हवं तुमी? बसा. तुमच्या मॅडमनी लई वाईट केलं बघा आमचं.”

मी काही बोलायच्या आत त्याच सांगू लागल्या. “निकाल लागल्यावर लोक मला म्हनत व्हते, म्हातारी फुटली, वकिलाच्या बाजूनं बोलली. पानी बी भरू देईनात मला. मंग एक दिस त्या आल्या. एकट्या. हितं सगळ्यांना गोळा केलं आन म्हनल्या, चंद्राबाई खरं बोलल्या, वाचून दाखवलं न्हाई ही चूक माझी हाय. तवापास्नं लोक मला कायबी बोलत न्हाईत. पर मी बोलले त्यास्नी. म्हनलं, माझ्या सुनंचा जीव गेला आन तुमाला चार वळी वाचायचा कटाळा आला व्हय? नगरपरिषदवाल्यांकडनं काय मिळालं तुमाला, असं बी म्हनले. थुकले बी त्यांच्या म्होरं. त्यांनी गप ऐकून घेतलं आन गेल्या.”

मॅडम तिथे येऊन गेल्या होत्या हे मला त्या दिवशी कळलं. मी चंद्राबाईंना सगळं सांगितलं. वाचायचं मला सांगितलं होतं, मी वाचलं नाही, मॅडमशी खोटं बोललो, बाटलीचं मीच लिहिलं नाही. मॅडमचा दोष नव्हता. बोलताना मला हलकं वाटत होतं, हेही कबूल करतो.

चंद्राबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. मग त्यांनी सूप बाजूला केलं, पदर सावरला आणि चपला पायात घालू लागल्या.

“चला.”

“कुठे?”

“त्यांच्याकडं. कुठं ऱ्हात्यात त्या? मला न्या. पाय धरते त्यांचे. लई वाईट बोलले वो मी त्यास्नी.”

मी म्हणालो, “मॅडम नाहीत आता. गेल्या. चार महिने झाले.”

त्या एक चप्पल पायात तशीच ठेवून ओट्यावर बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्या माझ्यासमोर रडत नव्हत्या.

“मंग आता मला कशाला सांगितलंत?” त्या म्हणाल्या.